माजाळीच्या नाक्यावरचा परवाना



मागं इथं एकानं आजोबांच्या जुन्या रेशनकार्डाचा फोटो टाकला होता. तो बघून आमच्या ट्रंकेतला एक कागद आठवला. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलो. लांबलंय, पण सवडीनं वाचा.

सुरुवात अलीकडची आहे. २०१९ साली माझा भाचा थायलंडमध्ये होता. कॉम्प्युटरचं काम, लॅपटॉप उघडला की ऑफिस, त्यामुळं कुठंही राहिलं तरी चालतंय म्हणे. एकदा फोन केला तर बसमध्ये होता. म्हटलं, कुठं निघालास? म्हणाला, "मामा, टुरिस्ट व्हिसा संपला. उद्या मेकाँग नदीवरच्या पुलावरून पलीकडं लाओसला जायचं, व्हिएंतियानला थायलंडच्या वकिलातीत नवीन व्हिसा घ्यायचा, की परत यायचं. सगळेच करतात. दोन दिवसांचं काम."

मी विचारलं, "म्हणजे आत राहायला मिळावं म्हणून आधी बाहेर जायचं?"

"हां, तसंच."

मी जरा गप्प झालो. त्याला वाटलं लाइन कट झाली. लाइन ठीक होती. त्याच्या आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, १९५८ साली नेमकं हेच केलं होतं. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, तेव्हा वर्षाची होती आणि आईच्या कडेवर होती. पण ते दोन दिवसांचं काम झालं नाही.

आता थोडं मागं जातो, म्हणजे संदर्भ लागेल.

आम्ही मूळचे निपाणीचे. वडील तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. आईचं माहेर गोव्यातलं, फोंडा महालात, कवळ्याच्या शांतादुर्गेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आता कुणी म्हणेल, निपाणीचा मुलगा आणि फोंड्याची मुलगी, सोयरीक जमली कशी? पण बेळगाव, निपाणी, सावंतवाडी, चंदगड या सगळ्या पट्ट्याला गोवा कधी परदेश वाटलाच नव्हता. कितीतरी घरांची कुलदैवतं तिकडं, कवळे, मंगेशी, म्हार्दोळ. बेळगावची भाजी, दूध आजही घाट उतरून गोव्यात जातं. राज्य पोर्तुगीजांचं होतं एवढंच.

आणि खरं सांगायचं तर तेव्हाच्या लोकांना राज्यांच्या सीमा नव्या नव्हत्या. बेळगाव शहर इंग्रजांचं, पण त्याला चिकटलेलं शहापूर सांगली संस्थानचं. रस्ता ओलांडला की राजा बदलायचा. निपाणीवरून कोल्हापूरला निघालात की कागलला दुसरं राज्य. नाक्यावर जकातीची कटकट असायची, पण तुम्ही कोण, किती दिवस राहणार, परत कधी जाणार, हे माणसाला कुणी विचारत नव्हतं. माल तपासायचे, माणूस जाऊ द्यायचे.

गोव्याचंही तसंच. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीजांचा करार झाला, त्यातून मार्मागोव्याहून घाट चढून येणारी रेल्वे झाली. १८८८ ला ती कॅसलरॉकपर्यंत आली. दूधसागरच्या धबधब्यापुढून जाते ती हीच. अलीकडं कॅसलरॉक, पलीकडं कुळे. दोन्ही ठिकाणी गाडी थांबायची, सामान उघडायचे. आईचं लग्न १९४८ चं. वऱ्हाड त्याच गाडीनं आलं होतं. आई सांगायची, कुळ्याला शिपायानं रुखवताचा डबा उघडायला लावला आणि आजोंनी त्याच्याच हातावर दोन लाडू ठेवले. (आजो म्हणजे आईचे वडील. आम्ही मुलं आईच्या बोलीप्रमाणं आजोच म्हणायचो.) लाडू खाल्ले, डबा बंद. संपली तपासणी.

मग दिवस बदलले. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, तिथून गोवामुक्तीच्या लढ्यानं नवा जोर धरला. भारत स्वतंत्र झाला तरी पोर्तुगाल सोडायला तयार नव्हता. बोलणी निष्फळ ठरल्यावर ११ जून १९५३ ला भारतानं लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली मुक्त झाले. त्याच वर्षी भारतानं गोव्याच्या ये-जा करण्यावर परवान्याची अट घातली. लाडू देऊन डबा बंद करायचे दिवस गेले.

१९५५ साल आमच्या भागातल्या जुन्या माणसांना वेगळं सांगायला नको. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती झाली होती. १८ मे ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट पहिली तुकडी घेऊन गोव्यात शिरले. मग तुकड्यांमागून तुकड्या. बेळगाव म्हणजे सत्याग्रह्यांचं ठाणंच झालं होतं. आमचे वडील काही पुढारी नव्हते, पण निपाणीतून जाणाऱ्या तुकडीसाठी वखारीतल्या बायकांकडून भाकऱ्या गोळा करून देणाऱ्यांत होते. १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र लोक सीमेवरून आत घुसले. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या. पत्रादेवीला पंजाबचे कर्नैलसिंग पडले, त्याच दिवशी मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय गोळी लागून जखमी झाल्या. वीसहून अधिक माणसं गेली.

देशभर आग उसळली. निपाणीत मोर्चा निघाला, त्यात वडील होते. मी पाच वर्षांचा, त्यांच्या खांद्यावर. घोषणा काय होत्या ते मला आठवत नाही. पण आई सांगायची, की त्या रात्री जेवताना वडील म्हणाले, "आता सगळे नाके बंद करा. दाणापाणी तोडा. महिन्यात शरण येतील बघ."

नाके खरंच बंद झाले. रेल्वे थांबली. व्यापार थांबला. पोर्तुगालची दिल्लीतली वकिलात भारतानं ऑगस्टमध्येच बंद करायला लावली होती, आणि सप्टेंबरपासून गोव्यातलं भारताचं वाणिज्य कार्यालयही बंद झालं. दोन देश एकमेकांशी बोलेनासे झाले. गोव्यातलं भारताचं काम इजिप्तनं बघायचं आणि भारतातलं पोर्तुगालचं काम ब्राझीलनं. हे वाचायला सोपं आहे. पण फोंड्याजवळच्या एका खेड्यातल्या बाईला आपल्या देशाचं काही काम पडलं तर तिनं काय इजिप्तला विचारायचं? हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं येतोय.

आणि शरण कुणी महिन्यात आलं नाही. लागली सहा वर्षं.

मधल्या काळात आमच्या भागावर आणखी एक रेघ पडली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. चंदगड तालुका तेवढा तिकडं राहिला. त्यावर इथं पुष्कळ लिहून झालंय, मी आज त्यात जात नाही. एवढंच सांगतो, की गोव्याच्या परवान्याचा अर्ज करायचा म्हटला तर आधी तो कोणत्या दप्तरात, कोणत्या भाषेत, कुणापुढं ठेवायचा हेच कळेना अशी अवस्था होती. जुना साहेब म्हणे कागद मुंबईच्या पद्धतीचा आहे, नवा साहेब म्हणे आमच्याकडं अजून नमुनाच आला नाही. कचेरीचं नाव घेत नाही, सगळीकडं तीच गत होती.

१९५८ च्या जानेवारीत मामांचा निरोप आला. आजोंनी अंथरूण धरलंय. येऊन जा.

वडिलांनी एका वकिलांकडून अर्ज टाइप करून घेतला. तीन आठवडे गेले. परवाना मिळाला तो १५ दिवसांचा आणि त्यावर जाण्यायेण्याचं ठिकाण लिहिलेलं, माजाळी. बरोबर आईच्या जन्माचा पोर्तुगीज भाषेतला दाखला होता. तिकडच्या शिपायांना तो दाखवायचा, म्हणजे ही इथलीच मुलगी आहे हे कळेल.

नकाशा बघा. बेळगावहून चोर्ल्याच्या नाहीतर अनमोडच्या घाटानं उतरलं की फोंडा किती जवळ. आम्ही मात्र निपाणीहून बेळगाव, बेळगावात मुक्काम, तिथून बसनं कारवार, कोडीबागेला काळी नदी होडीनं पार (तेव्हा पूल नव्हता), पलीकडं सदाशिवगड, आणि मग माजाळी असे गेलो. आई, कडेवर बहीण, आणि माझ्या हातात कापडी पिशवी. वडील माजाळीपर्यंत आले. त्यांना परवाना नव्हता.

माजाळीचा नाका मला अजून दिसतो. नारळाची झाडं, वाळू, बाजूला समुद्राचा आवाज. माणसांची रांग, प्रत्येकाच्या डोक्यावर नाहीतर खांद्यावर बोचकं. आपल्या बाजूच्या तपासनिसानं वळकटी सोडली, उशी दाबून बघितली, पैसे मोजले. नवे पैसे सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. माझ्या खिशात एक नवा पैसा होता, तोही बघून परत दिला. मग पुढचा रस्ता चालत. ना ते इकडचं, ना तिकडचं. थोडंच अंतर असेल, पण मला ते फार लांब वाटलं, कारण मागं वळून बघितलं की वडील उभे होते आणि हात हलवत नव्हते, नुसते उभे होते.

पलीकडं पोळे. तिथं पहिल्यांदा मी पाखले बघितले. गोव्यात गोऱ्या पोर्तुगीजाला पाखलो म्हणायचे. त्यानं आईचा दाखला वाचला, बहिणीच्या गालाला बोट लावलं, आणि शिक्का मारला. खरं सांगतो, दोन्ही नाक्यांवर आमच्याशी कुणी वाईट वागलं नाही. वाईट होता तो कागद आणि त्याच्यावरची तारीख.

आजो खाटेवर होते. आई गेल्यावर दोन-तीन दिवस तर चक्क उठून बसायला लागले. पेज खाल्ली. मला जवळ घेऊन निपाणीत तंबाखू कसा वाळवतात ते विचारलं. घरात सगळ्यांना वाटलं, लेक आली आणि म्हातारा सावरला. दहाव्या दिवशी पुन्हा ताप चढला. बाराव्या दिवशी वैद्य म्हणाले, आता देवीच्या हातात. आईनं बोटं मोजली. तीन दिवस राहिलेले.

मुदत वाढवून घ्यायची म्हटलं तर कुणाकडं? तिकडचे म्हणायचे, तुमचा परवाना तुमच्या सरकारचा. आणि आमच्या सरकारचं कार्यालयच गोव्यात नव्हतं, वर सांगितलंच. मुदत ओलांडून राहिलं तर परत येताना माजाळीला अडकण्याची भीती. कडेवर एक, हाताला एक पोर, नवरा पलीकडं. मामांनी सगळ्यांशी बोलून रस्ता सांगितला तो असा: परवाना संपायच्या आत बाहेर पड, माजाळी ओलांड, तिकडून नवीन परवाना घे आणि लगेच परत ये. आठवड्यात येशील. आजो तेवढं थांबतील.

भाच्याचा फोन आला तेव्हा मला हेच वाक्य आठवलं होतं.

निघताना आई आजोंच्या पायाशी वाकली. ते गुंगीत होते. ती म्हणाली, "बाबा, हांव आत्तां येतां." गोव्याकडं निघताना जाते म्हणत नाहीत, येते म्हणतात. आपल्याकडंही तसंच.

परतीचा प्रवास पुन्हा सगळा तोच. वडील बेळगावला आले होते, कारण निपाणीपर्यंत जाऊन परत यायचं तर दिवस फुकट गेले असते. खडेबाजाराकडं वडिलांच्या ओळखीचं एक घर होतं, तिथं आम्ही राहिलो. वडील सकाळी कचेरीत जायचे, संध्याकाळी येऊन मान हलवायचे. साहेब दौऱ्यावर. मग साहेब आले, तर मागचा परवाना जमा केल्याची नोंद नाही. मग नोंद मिळाली, तर रविवार.

त्या घरात रेडिओ होता. रात्री घरमालक दारं लावून एक स्टेशन लावायचे. त्यात कोंकणीत बोलायचे. 'गोंयचे सोडवणेचो आवाज' असं नाव. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोघं ते गुप्त केंद्र आंबोली आणि नंतर कॅसलरॉकच्या जंगलातून चालवत होती, हे आम्हाला कितीतरी वर्षांनी कळलं. २५ नोव्हेंबर १९५५ ला सुरू झालेलं ते केंद्र डिसेंबर १९६१ पर्यंत चाललं. लिबियाताईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली, तुम्ही बातमी वाचली असेल. तेव्हा मात्र आईला त्यातलं राजकारण कळत नव्हतं. कोंकणी ऐकू यायचं म्हणून ती रेडिओजवळ बसायची.

असे नऊ दिवस गेले.

नवव्या दिवशी दुपारी मडगावकडचा एक माणूस घर शोधत आला. तो माजाळीवरूनच आला होता. मामांनी निरोप दिला होता. चार दिवसांपूर्वी आजो गेले.

आईनं आधी त्याला पाणी दिलं. मग आत जाऊन न्हाली. लग्न झालेल्या मुलीचं तीन दिवसांचं सुतक, ते तिनं त्या परक्या घराच्या मागच्या पडवीत धरलं. त्या घरानं एका शब्दानंही नाही म्हटलं नाही, हे मी विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी नवीन परवाना मिळाला. पुन्हा १५ दिवसांचा.

दिवसांच्या आत पोचली असती. वडील म्हणाले, "चल, मी माजाळीपर्यंत सोडतो." आई म्हणाली, "आता कुणाला बघायला जाऊ?" आणि थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात, "तुम्हीच म्हणाला होता ना, नाके बंद करा म्हणून?"

वडील काही बोलले नाहीत. त्यावर मी त्यांना आयुष्यात कधी बोलताना ऐकलं नाही.

शिमग्याच्या आधी आम्ही निपाणीला परत आलो.

मंडळी, मी वडिलांना दोष देत नाही. ते चुकले असं मला आजही वाटत नाही. पत्रादेवीला निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडणाऱ्या राजवटीशी व्यवहार तोडायचा नाही तर काय करायचं? पण आई चुकली असंही वाटत नाही. मी ३६ वर्षं बँकेत काढली. खात्यात एका बाजूला नोंद केली की दुसऱ्या बाजूला ती कुणाच्या तरी नावे पडतेच, हे आमचं पहिलं शिक्षण. नाकेबंदीची नोंद वर्तमानपत्रात जमेला आली. नावे बाजूला अशी किती घरं असतील, त्याची वही कुणी ठेवली नाही. आमच्यासारखे हजारो असणार.

जगात मोठ्या पातळीवरही याच ये-जा करण्याच्या हक्काचा वाद चालला होता. दमणहून दादरा-नगरहवेलीला भारताच्या भूमीतून जाण्याचा हक्क आम्हाला आहे, म्हणून पोर्तुगाल १९५५ च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला. न्यायालय म्हणालं, खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता असा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळ्याला नव्हता. आणि भारतानं १९५४ मध्ये जे केलं ते या हक्काच्या विरुद्ध नव्हतं. वडिलांनी हा निकाल वर्तमानपत्रात वाचून दाखवला. आईनं विचारलं, "खासगी माणसं म्हणजे?" वडील म्हणाले, "म्हणजे आपण." खटला गोव्याबद्दल नव्हता, दादरा-नगरहवेलीबद्दल होता, हे त्यांनी नंतर सांगितलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून 'साबरमती' या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला. १८ डिसेंबरच्या पहाटे ऑपरेशन विजय सुरू झालं. मेजर जनरल कँडेथ यांची १७ वी डिव्हिजन, ब्रिगेडियर सगतसिंगांची ५० वी पॅराशूट ब्रिगेड. बेळगावच्या सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. १९ तारखेला गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा शरण आले. निपाणीत साखर वाटली गेली. वडील पुडा घेऊन आत आले, आईच्या हातावर साखर ठेवली. आईनं खाल्ली. दोघं काही बोलली नाहीत.

आई पुन्हा माहेरी गेली ती १९६४ च्या मे महिन्यात. बेळगावहून बसनं, अनमोडचा घाट उतरून मोलेमकडं. सकाळी निघालो, त्याच दिवशी पोचलो. मी चौदा वर्षांचा होतो. घाटात आईनं पिशवीतून एक पाकीट काढून हातात धरलं. कुणी कागद विचारला नाही. मोलेम मागं पडलं, फोंडा आलं, तरी तिच्या हातात ते पाकीट होतंच. त्यात तिचा जन्मदाखला आणि तो न वापरलेला परवाना होता. मी म्हटलं, "आई, आता लागत नाही ते." ती म्हणाली, "असूं दी रे पुता. असलेलं बरं."

आई गेल्यावर ट्रंक माझ्याकडं आली. परवान्याच्या मागं वडिलांनी पेन्सिलनं नऊ तारखा एकाखाली एक लिहिल्यात आणि प्रत्येकीपुढं एक शब्द: दौरा, नोंद, रविवार, सही. शेवटच्या तारखेपुढं काही लिहिलेलं नाही.

सीमा पुसली जाते, पण तिचे हिशेब मिटायला वेळ लागतो. पोर्तुगालनं गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं ते १९७४ च्या ३१ डिसेंबरला. गोव्यातल्या लोकांनी पोर्तुगीजांच्या बँकेत गहाण ठेवलेले दागिने १९६१ मध्ये लिस्बनला गेले होते. ते परत आले १९९१ मध्ये, स्टेट बँकेमार्फत. तीस वर्षांनी. तोवर कितीतरी पावत्यांचे मालक राहिले नव्हते, पावत्या मुलानातवंडांच्या हातात होत्या. आम्ही बँकेतली माणसं तेव्हा त्याची फार चर्चा करायचो.

आणि नाके म्हणाल तर ते कधी उघडतील नि कधी मिटतील याचा नेम नाही. २०२० साली लॉकडाऊन लागला आणि निपाणीच्या पुढं कोगनोळीचा नाका बंद झाला. निपाणीहून कागल ते किती, विसेक किलोमीटर. माझी बहीण कोल्हापुरात, मी बेळगावात. २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्याला ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल लागायचा. राखीपौर्णिमेच्या सुमाराला बहीण फोनवर म्हणाली, "दादा, अहवाल आहे, पण उद्या दुपारी संपतोय. आले तर लगेच निघायला लागेल." मी म्हटलं, "येऊ नको." कारण चांगलंच होतं, रोगाची साथ होती, नाका लावणारे चुकीचे नव्हते. पण फोन ठेवल्यावर मला माजाळीच्या वाळूत उभे असलेले वडील दिसले.

आता शेवटचं. लाओसहून नवीन व्हिसा घेऊन परतल्यावर भाच्यानं पुन्हा फोन केला होता. म्हणाला, "मामा, आजीचा गोव्यातला जन्मदाखला तुझ्याकडं आहे ना? १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळतं. लिस्बनला नोंद करायची. मग युरोपभर व्हिसाची भानगड नाही." गोव्यात हजारोंनी हे केलंय, मला माहीत आहे. आणि पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलं की भारताचं सोडावं लागतं, आपल्याकडं दोन चालत नाहीत, हेही त्याला माहीत होतं.

मी त्याला लगेच हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. ज्या कागदावर पाखल्यानं शिक्का मारून आईला आत घेतलं, तोच कागद तिच्या नातवाला बाहेर नेणार. राग यायला हवा होता का, मला ठरवता आलं नाही. मग एक दिवस तो सुट्टीत घरी आला तेव्हा ट्रंक उघडली आणि दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवले. आधी परवाना, मागच्या बाजूनं. त्यानं तारखा वाचल्या. विचारलं, "शेवटच्या तारखेपुढं काही का लिहिलं नाही?" मग त्याला सगळं सांगितलं, जे आज तुम्हाला सांगितलं. त्याच्या आईलाही त्यातलं अर्धं माहीत नव्हतं, ती वर्षाची होती.

दाखल्याची झेरॉक्स मी त्याला दिली. तो त्याचाही आहे, आजीचा आहे. पुढं काय करायचं ते त्यानं ठरवायचं. त्यानं अजून अर्ज केलेला नाही. का, ते मी विचारलं नाही.

मंडळी, माझी एक विनंती आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, कारवार, सावंतवाडी भागातल्या तुमच्या घरात १९५४ ते १९६१ मधले गोव्याचे परवाने, दाखले, पत्रं असतील तर टाकून देऊ नका. मागची बाजूही बघा, काही लिहिलेलं असेल. फोटो काढून इथं टाका. आणि माजाळी, कॅसलरॉक, बांदा यातल्या कुठल्या नाक्यावरून तुमची माणसं गेली-आली, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. विचारायला माणसं आता थोडीच उरलीत.